हट्ट्यात लाइट गेली का?

नईमभाई, "थांबा, सांगतो" असं लिहून माणूस उठून जातो का?

तुमच्या हातचं शेवटचं लिहिणं तेवढंच आहे. ब्राझीलच्या लुसियाने आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या बदलाखाली, सगळ्या जगाला दिसेल असं. ते लिहून तुम्ही दुपारच्या नमाजाला निघालात, वजूसाठी हातपाय धुताना छातीत दुखतंय म्हणालात, आणि नांदेडला नेताना वाटेतच संपलात. मला कळलं तेव्हा मी वसमतला माझ्या टेबलाशी तुमच्या त्या दोन शब्दांकडेच बघत बसले होते. चिडले होते तुमच्यावर. म्हटलं, आता हे संध्याकाळपर्यंत काही सांगणार नाहीत, मुद्दाम आपला जीव टांगून ठेवणार. तेवढ्यात फोन आला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता सांगणार कोण?

मातीच्या दिवशी तुमच्या दारात बसलेल्या एका बाईने मला विचारलं, "भाई कंपनीत न्हवते, शेतात न्हवते, मंग दिवसभर त्या खोलीत काय करून राहिले होते?" मी सांगितलं, की नोंदी नीट लिहून ठेवणारं आणि विचारल्या की बरोबर काढून देणारं एक सॉफ्टवेअर असतं. आपलं सॉफ्टवेअर देशोदेशीची माणसं मिळून बनवतात, कुणीही ते उघडून बघावं, वापरावं, सुधारावं. त्याचं नाव रांजण. भाई त्या रांजणाला गळती लागू देत नव्हते. ती म्हणाली, "म्हंजे चांगलंच काम व्हतं." एवढ्या वर्षांत तुमच्या कामाचं इतकं सरळ कौतुक मीसुद्धा कधी केलं नव्हतं.

आपली तर ओळखच भांडणातून झाली. मी तेव्हा वसमतच्या मोंढ्याच्या बाजारात एका आडत्याकडे काट्यावर बसायचे. हळदीचा कट्टा, पोतंभर माल, काट्यावर चढला की वजन कॉम्प्युटरवर टाकायचं, "लिहिलं" अशी हिरवी खूण आली की मान हलवायची, की हमाल कट्टा ढिगावर रिता करायचा. तुम्ही पुण्याची नोकरी सोडून नुकतेच आपल्या गावी हट्ट्याला परतला होतात आणि मामेभावाची हळद घेऊन आला होतात. हिरवी खूण आली, मी मान हलवली, हमालाने कट्टा रिता केला आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा त्या कट्ट्याची नोंद गायब. मामेभाऊ म्हणे मोजला, हमाल म्हणे मोजला, मीही म्हणाले मोजला. पण कॉम्प्युटर म्हणत होता नाही, आणि आडत्यापासून बघ्यांपर्यंत सगळ्यांनी कॉम्प्युटरचंच खरं धरलं. हळद ढिगात मिसळलेली, परत मोजायची सोय नाही. सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि तुम्ही एकटे त्या मशीनवर ओरडत होतात. "लिहिलं म्हनून सांगितलंस ना रे? मंग कुठं हाय?" आडत्याला वाटलं, उन्हाने माणूस बिघडला.

जाताना मला म्हणालात, "ताई, मशीन खोटं बोलतं हे कोनी ऐकून घेत न्हाई. म्हनून त्याला खोटं बोलूच द्यायचं न्हाई."

रांजणाच्या गोतावळ्यात मला तुम्हीच ओढलंत. कोड मला बेताचाच येत होता, लिहिता बरं येत होतं, म्हणून दर महिन्याचं वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं. कुणी काय दुरुस्त केलं, कोण नवीन आलं, पुढची आवृत्ती कधी निघणार, हे सगळं मराठीत मीच आणि इंग्रजीतही मीच. पहिलं वार्तापत्र मी "आनंदाची बातमी" असं म्हणून सुरू केलं होतं. तुमचा लगेच फोन. "लई गोड लिहिता तुमी. बातमी लिहा. आनंद लोकं आपापला करतील." मला राग आला होता. शब्द मात्र काढला.

आणि मग ती तुमची हट्ट्याची चाचणी. नवी आवृत्ती निघायच्या आधी बाकीचे लोक चालू प्रोग्रॅम मधेच बंद पाडून बघायचे, पुन्हा उठल्यावर सगळं जागेवर आहे का. तुम्हाला ते पोरखेळ वाटायचं. प्रोग्रॅम पडला तरी वीज असते, डिस्क आपलं राहिलेलं काम मागून उरकून घेते. खरी परीक्षा वीज गेल्यावर. आणि वीज जाण्यात आपल्या भागाचा हात कुणी धरला नसता. तुमच्या खोलीत तो जुना खोका, त्यात स्वस्तातली डिस्क, गावोगावचे दवाखाने आणि मोंढे वापरतात तसलीच. तिच्यावर रांजण चालू ठेवायचा आणि लाइट जायची वाट बघायची. इन्व्हर्टर त्या खोक्याला हराम आहे, असं तुम्हीच म्हणायचात. मी एकदा सुचवलं, वाट कशाला बघायची, प्लग ओढून टाकू. तर म्हणालात, "प्लग वढताना मानूस आपल्या सोयीची येळ बघतो. लाइट कोनाला इचारून जात न्हाई."

अख्ख्या हट्ट्यात वीज कार्यालयाला फोन करून "आज लाइट काहून गेली न्हाई अजून?" असं विचारणारे तुम्ही एकटेच होतात. लाइनमन तुम्हाला लांबून बघूनच गल्ली बदलायचा. आणि तिकडे जर्मनीतले, जपानमधले लोक आपल्या गटात आतुरतेने विचारायचे, हट्ट्यात लाइट गेली का? गेली आणि सगळं जागेवर निघालं की तुम्ही लिहायचात, "पाहिलं. जाऊ द्या." तुमच्या या शब्दांशिवाय रांजणाची एकही आवृत्ती कधी बाहेर पडली नव्हती.

आता लुसियाचं. पोरगी गुणाची, ब्राझीलमध्ये बसून वर्षभर खपली. रांजण डिस्कला "लिहून ठेव" म्हणतो आणि थांबतो, डिस्क "लिहिलं" म्हणाली की मगच माणसाला हिरवी खूण दाखवतो. त्या थांबण्यात वेळ जातो, आणि त्याबद्दल तक्रारी किती यायच्या हे तुम्हालाही ठाऊक होतं. काही नव्या डिस्का वीज गेली तरी हातातलं लिहून काढतात, त्यांना तेवढं थांबायची गरज नसते, आणि तसं त्या स्वतःच सांगतात. लुसियाचं म्हणणं, ज्या डिस्का तसं सांगतात त्यांच्यासाठी थांबू नये. काम चटकन होतं. जगभर तपासून झालं, सगळीकडे ठीक निघालं. मी तिच्या बाजूची होते. आपलं शेवटचं बोलणं त्यावरच झालं, आठवतं ना? मी म्हणाले, दवाखान्यात रांग लागते, लोक शिव्या देतात. तुम्ही म्हणालात, "उशीर झाला तर मानूस शिव्या देतो. खोटं निघालं तर रडतो. अन् डिस्क लबाड असती, ताई." मी चिडून म्हणाले, तुमचा तर कुणावरच विश्वास नाही. तर म्हणे, "हाय की. लाइट जाती, ह्याच्यावर हाय." मी फोन ठेवून दिला. पुढचा मुद्दा माझ्या ओठावर होता, तो उद्या सांगायचा म्हणून राखून ठेवला. तो अजून तसाच आहे.

तुम्ही गेल्याची बातमी वार्तापत्रात मी लिहिली. गोड लिहिली नाही. उत्तरं आली ती कुठल्या कुठल्या भाषांत. लुसियाने लिहिलं, मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही, मला त्यांचा फक्त राग माहीत आहे आणि आता तोही नाही. जपानच्या एकाने तुमच्या आठवणीत आपल्या घराचा मेन स्विच खाली ओढला आणि थोडा वेळ अंधारात बसला म्हणे. हे तुम्हाला सांगायला मी खरोखर फोन उचलला होता.

मग हळूहळू विचारणा सुरू झाली. घाई नाही, पण पुढच्या आवृत्तीचं काय? घाई नाही, पण त्या "थांबा"चं काय करायचं? "घाई नाही" हे शब्द वाचले की मी लॅपटॉप मिटून टाकायचे. कारण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, नईमभाईंच्या शेजारी वैशाली आहे, तिनेच हट्ट्याची चाचणी करावी आणि तिनेच सांगावं. शेजारी म्हणे! वसमत आणि हट्टा त्यांना नकाशावर एकाच ठिपक्यात दिसत असेल.

मी केली चाचणी. वसमतला बसून, इंटरनेटवरून. माझ्या लॅपटॉपवरून, लुसियाचा बदल आधीच चढवलेल्या तुमच्या खोक्याकडे नोंदी पाठवत राहायचे, तिकडून "लिहिलं, लिहिलं" येत राहायचं. हट्ट्यात लाइट गेली की संपर्क तुटायचा. आली की जुळायचा. मग एकेक नोंद ताडून बघायचे. सगळं जागेवर. पुन्हा लाइट, पुन्हा सगळं जागेवर. आनंद व्हायला हवा होता ना? माझी झोप उडाली. तुम्ही थांबा म्हणालात ते कशासाठी? मला सापडत नाही की तिथे काही नाहीच? तुमच्यावरच्या मायेपोटी मी एका चांगल्या पोरीचं वर्षभराचं काम अडवून ठेवते आहे का? आणि समजा सोडलं, आणि कुठल्या तरी मोंढ्यात, कुठल्या तरी दवाखान्यात हिरवी खूण खोटी निघाली, तर तिथल्या काट्यावर बसलेल्या पोरीचं कोण ऐकणार? जेवताना घास हातात राहायचा. घरातले म्हणायचे, हिला भाईंच्या जाण्याचा धक्का बसलाय. धक्का होताच, पण त्याच्या आत ही धाकधूक होती, आणि ती कुणाला समजावून सांगण्यासारखी नव्हती.

शेवटी मी मन घट्ट केलं. गटाला कळवलं, तुमच्या चाळिसाव्या दिवशी हट्ट्याला जाते आहे, त्या संध्याकाळी आवृत्ती सोडू. वार्तापत्र तयार केलं. तुमच्या "थांबा, सांगतो"खाली टाकायला तुमचेच शब्द लिहून ठेवले, "पाहिलं. जाऊ द्या." पाठवायचं बटण तेवढं दाबायचं बाकी होतं.

चाळिसाव्याला घर भरलं होतं. फातेहाची दुआ झाली, जेवणं उठली, आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो होतो आणि भर दुपारी लाइट गेली. उकाड्याने सगळ्यांचे पदर आणि दुपट्टे हलायला लागले. पंखा थांबल्यावर घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मला तुमच्या खोलीतून आवाज ऐकू आला. घूं असा, बारीक, एकसारखा. मला आधी काही उमगलंच नाही. मग ओळखलं, हा तर खोका. मी उठून तुमच्या खोलीत गेले. लाइट नव्हती. आणि खोक्याचा हिरवा दिवा जळत होता.

भाभी मागोमाग आल्या. "काहून गं वैशाली, काय झालं?"

"भाभी, हे चालू कसं आहे?"

"मी इन्व्हर्टरवर लावलं त्याला," भाभी म्हणाल्या. "ते गेल्यावर लाइट गेली ना, तवा ह्याचा आवाज बंद झाला. घर खायला उठलं बघ. घरात त्यांचा तेवढाच आवाज राहिला होता. मंग माझ्या पंख्याची पिन काढली आन् ह्याची लावली. माझं काय, मी पदरानं वारा घेते."

नईमभाई, मी तुमच्या खुर्चीवर बसले. वायफायचं डबडं साध्या लाइनीवर होतं, ते बंद पडायचं आणि संपर्क तुटायचा. खोका मात्र इकडे ठणठणीत जागा. माझ्या चाचणीत तो एकदाही बंद पडला नव्हता. मी वसमतला बसून कसली चाचणी करत होते? मशीन किती वेळ सलग जागं आहे हे एक ओळ टाकली की कळतं. ती ओळ मी टाकली नव्हती. हट्ट्यात लाइट गेली म्हणजे तुमचा खोका बंद पडला, हे मी दिवस-रात्रीसारखं धरून चालले होते. आणि त्या जिवावर संध्याकाळी सगळ्या जगाला "पाहिलं" म्हणून सांगणार होते.

पाहुणे गेले, लाइट आली, आणि मी भाभींना सांगितलं की मला हे एकदा बंद पाडावं लागेल. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "बंद म्हंजे कायमचं?" मी म्हणाले, नाही, पडून पुन्हा उठतं का ते बघायचं. "अन् न्हाई उठलं तर?" जुना खोका, इतके दिवस अखंड चाललेला. खरंच उठला नाही तर? दुसऱ्यांदा मी या बाईचं घर गप्प करणार होते. मी म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही. भाभी खूप वेळ त्या दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी असतं तर काय केलं असतं?" मी म्हणाले, त्यांनी पहिल्याच दिवशी तुमच्याशी भांडण काढून पिन उपटली असती. भाभी चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. "व्हय, भांडले असते," म्हणाल्या. "मीच लावली, मीच काढते."

मी लॅपटॉपवरून नोंदी सोडायला सुरुवात केली. लिहिलं, लिहिलं, लिहिलं. मान हलवली, मोंढ्यात हलवायचे तशी. भाभींनी डोळे मिटून पिन ओढली.

केवढी शांतता झाली म्हणून सांगू. भाभींनी पिन साध्या बोर्डात घातली, बटण दाबलं, आणि आम्ही दोघी दिव्याकडे बघत उभ्या. खोका कुरकुरला. मग घूं करायला लागला. भाभी भिंतीला टेकल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. मी नोंदी ताडल्या. शेवटच्या नव्हत्या. माझ्याकडे त्यांच्या हिरव्या खुणा होत्या, खोक्यात त्यांचा मागमूस नव्हता. तुमची ती स्वस्तातली डिस्क नव्या डिस्कांचा आव आणून, थांबायची गरज नाही म्हणून सांगत होती, आणि रांजण तिच्यावर विश्वास ठेवत होता. हेच सांगायचं होतं ना तुम्हाला?

तसल्या डिस्का कुठे कुठे असतील, आणि आणखी थोड्या वेळाने मी काय करून बसले असते, हे दोन विचार डोक्यातून जाईनात. भाभींनी माझा चेहरा पाहिला. "काय गेलं का त्यांचं?" घाबरून विचारलं त्यांनी.

"न्हाई भाभी," मी म्हणाले. "गेलं ते मी लिहिलेलं. त्यांचं सगळं जागेवर हाय."

संध्याकाळी वार्तापत्र गेलं, पण दुसरं. आवृत्ती थांबवली, का थांबवली, चाचणीत माझी चूक कुठे झाली, सगळं सरळ लिहिलं. तुमच्या "थांबा, सांगतो"खाली एकच शब्द टाकला, "सांगितलंत." मला वाटलं होतं लुसिया दुखावेल. तिने लिहिलं, बरं झालं ते थांबा म्हणाले, हे माझ्या नावावर फुटलं असतं तर मी आयुष्यभर वीज जायला घाबरले असते. मग तिने काम पुन्हा हातात घेतलं. आता डिस्क काय सांगते यावर तिचं भागत नाही, आधी ती डिस्कची परीक्षा घेते. तुमची सवय लागली पोरीला.

भाभींनी पंखा परत इन्व्हर्टरवर घेतला. लाइट गेली की मला फोन करतात. "बंद पडलं गं," एवढंच म्हणतात आणि फोन चालूच ठेवतात. आम्ही दोघी काही न बोलता थांबतो. "उठलं," म्हणाल्या की मगच ठेवतो. मला वाटलं होतं ही भीती जाईल. ती जात नाही. आता मला कळतं, तुम्हीही एवढी वर्षं ती उरावर घेऊनच बसला होतात, आणि वर आम्हाला रागाचं नाटक दाखवत होतात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. मी तर तुम्हाला हट्टी म्हणत राहिले.

हे मी तुमच्या खोलीत बसून लिहिते आहे. लुसियाचा नवा बदल खोक्यावर चढवला आहे. प्लग ओढून पाहिलं, सगळं जागेवर निघालं. पण तुमची अट मला माहीत आहे. सकाळपासून वाट बघतो आहोत आणि लाइट काही जायचं नाव घेत नाही. गटात एकापाठोपाठ एक विचारून राहिलेत, हट्ट्यात लाइट गेली का? माझा जीव थाऱ्यावर नाही. भाभी चहाचा दुसरा कप ठेवून गेल्या. "फोन लाव त्यांना," म्हणाल्या. "ते लावायचे तसा."

लावला. वीज कार्यालयातल्या माणसाला म्हणाले, "आज हट्ट्यात लाइट काहून गेली न्हाई अजून?"

तिकडचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "नईमभाईच्या घरून बोलून राहिल्या का?"

"व्हय," मी म्हणाले. "त्यांच्याच."